लुका दिला म्हणून फ्लॅग मिळाला? काही पण!

धंतोली_पॉइंटगार्ड: आज एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) एका ग्रुपवर वाचलं: "डॅलसनं लुका डॉन्चिच दिला म्हणूनच कूपर फ्लॅग मिळाला. शेवटी ट्रेड बरोबरच ठरला." डोस्कंच सरकलं. नवे खेळाडू आधी कोणी निवडायचे ते ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसचा पहिला नंबर लागायची शक्यता १.८ टक्के होती राजेहो! मटका लागला, त्याचं श्रेय डॅलसचे सौदे करणाऱ्या मॅनेजर निको हॅरिसनला काहून? आदल्या मोसमात फायनलला नेणारा २५ वर्षांचा पोट्टा दिला आणि घेतलं काय? ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क. एक! चार संघांना विचारलं असतं तर बोली कुठच्या कुठे गेली असती, पण गुपचूप लेकर्सशीच सौदा. आणि डेव्हिस पहिल्याच मॅचला जायबंदी. ट्रेड कसा करतात ते २०१९ च्या ओक्लाहोमाला विचारा. पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून पाच पिक, दोन स्वॅप (पिकची अदलाबदल करायचा हक्क), गॅलिनारी आणि वरून शे गिल्जस-अलेक्झांडर. त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला. २०२५ ची ट्रॉफी या दोघांच्या जिवावर.

तर्री_एक्स्ट्रा: भाऊ, पिक-पिक काय करून राहिला? पिक कोर्टवर उतरून बास्केट करते का? टोरंटोनं २०१८ मध्ये घरचा लाडका डेरोझन दिला, कवाय लेनर्ड आणला. रडारड झाली. २०१९ मध्ये ट्रॉफी. कवाय वर्षभरात गेला, जाऊ दे नं, ट्रॉफी सोबत नेली नाही त्यानं.

धंतोली_पॉइंटगार्ड: सगळे त्या एका कवायवरच जगतात. सन्सचं बोल. २०२३ मध्ये ड्युरँटसाठी ब्रिजेस, जॉन्सन, चार पिक दिले. नंतर पगार दुसऱ्या एप्रनच्या (लीगनं ठरवलेली पगाराची वरची मर्यादा) वर, म्हणजे दोघांचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणायचीही सोय नाही. शेवटच्या वर्षी प्लेऑफसुद्धा नाही, आणि २०२५ मध्ये ड्युरँट ह्यूस्टनला.

जामठा_नॉर्थ_स्टँड: बाहेरून आणायला एवढा विरोध? नागपूरकर असून? विदर्भाच्या रणजी फायनलला केरळविरुद्ध ८६ आणि १३५ कोणी काढले? करुण नायर, कर्नाटकचा. त्याआधी वासिम जाफर, मुंबईचा. तयार माणूस आणल्याशिवाय ट्रॉफी येत नसते.

खामल्याची_ताई: आणि त्याच फायनलला दानिश मालेवारचे १५३ कोणत्या ट्रेडमध्ये आले? हर्ष दुबेच्या मोसमात ६९ विकेट, रणजीचा विक्रम, त्या? २०१७-१८ च्या फायनलला गुरबानीची हॅटट्रिक? नायर तर कर्नाटकात परतलाही.

जामठा_नॉर्थ_स्टँड: ताई, हा बास्केटबॉलचा धागा आहे.

खामल्याची_ताई: रणजी कोणी आणली इथं?? आता बास्केटबॉलचंच ऐका. माझा भाऊ वर्षभर पहाटे उठून क्लबच्या सिमेंटच्या कोर्टवर घाम गाळायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाहेरून "तयार" पोरं आली. हा तीन दिवस बेंचवर, ट्रॅकपँट काढायचीही वेळ आली नाही. पाण्याच्या बाटल्या तेवढ्या पुढे करत होता. ती पोरं बक्षिसाचे पैसे घेऊन गेली, क्लबच्या फोटोतही दिसली नाहीत. त्यानं पुन्हा बॉल हातात घेतला नाही.

जामठा_नॉर्थ_स्टँड: वाईट वाटलं, पण जिंकले नं शेवटी?

खामल्याची_ताई: तुझ्यासारख्यांमुळेच पोरं खेळ सोडतात बे.

तर्री_एक्स्ट्रा: अरे शांत व्हा. जाफरनं नेटमध्ये आपल्या पोरांना घडवलं, हे तरी मानाल की नाही?

खामल्याची_ताई: जाफर मानला. एकटा जाफर. आता प्रत्येक भाड्याच्या माणसाला जाफर म्हणू नका.

तर्री_एक्स्ट्रा: बरं धंतोली, १.८ टक्के तुझे. हॅरिसनला हार नको, त्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये नारळही मिळाला. पण फ्लॅग आमच्या डॅलसकडेच आहे, तो काही परत मागत नाही कोणी. तू कोणाचा? लेकर्सचा वाटतोस.

धंतोली_पॉइंटगार्ड: बुल्स. लहानपणापासून.

तर्री_एक्स्ट्रा: 😂😂 कारुसो देऊन गिडी घेतला, सोबत एक पिकसुद्धा मागितला नाही, ते बुल्स? कारुसो ओक्लाहोमाला जाऊन वर्षभरात चॅम्पियन झाला नं भाऊ!