मदत हवी आहे: नवीन बांधलेल्या इंजिनचा २ नंबरचा सिलिंडर मेला आहे

औशाजवळ राहतो. गाडी जुनी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली पेट्रोल. लातूरहून हेड फेस करून (पृष्ठभाग मशीनवर सपाट करून), नवे व्हॉल्व्ह, रिंगा टाकून इंजिन बांधलं. जेमतेम ४० किमी चालली. पहिल्या स्टार्टपासून मिसिंग आहे (एक सिलिंडर पेट घेत नाही). २ नंबरची प्लग वायर काढली तरी आवाजात काडीचा फरक नाही. १ आणि २ चे प्लग, वायरी अदलाबदल केल्या, दोष २ लाच.

कॉम्प्रेशन: १ ला १७०, ३ ला १६५, २ ला फक्त ६० पीएसआय. चमचाभर ऑइल टाकून ६५, म्हणजे दोष रिंगांचा नसावा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट मुद्दाम ढिले करून पाहिले, कॉम्प्रेशन तेवढंच. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) ठेवून, प्लगच्या भोकातून हवा दिली. सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस येते. कार्बोरेटर आणि ऑइलचं झाकण शांत.

म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही, हे मला पटलंय. पण रविवारी हेड उतरवण्याआधी सांगा: व्हॉल्व्ह वाकलाय की लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) कच्चं राहिलंय की गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) तिरकं बसलंय, हे घरीच कसं ओळखायचं? आणि ४० किमी चाललेली हेड गॅस्केट परत वापरता येईल का?