मदत हवी आहे: शेगावच्या पायी वारीत रात्रीच्या थंडीचं काय करता?

नमस्कार मंडळी. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावातून दर डिसेंबरअखेर आम्ही सात-आठ जण पायी शेगावला जातो. ऐंशीएक किलोमीटर, बोरगाव मंजू, अकोला, गायगाव असे तीन मुक्काम. सोबत गाडी नसते, जे न्यायचं ते पाठीवर. यंदा बाबाही येतो म्हणतात, वय 64, म्हणून हा धागा.

चालण्याचं काही नाही. दुपारी तर स्वेटर कमरेला बांधावा लागतो. खरी गंमत रात्री दोननंतर. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर उतरला होता, तेव्हाही आम्ही वाटेतच होतो. मागच्या वर्षी तेवढी थंडी नव्हती. तरी शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर सतरंजी, अंगावर दोन ब्लँकेटं, आणि पाठ अशी गार पडली की तीन वाजता उठून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) शेकोटीपाशी जाऊन बसलो ते उजाडेपर्यंत. शेजारच्या गव्हाला रात्रीच्या लाइनीवर (विजेवर) पाणी सुरू होतं, तिकडून ओला वारा. दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. माझं निभलं, बाबांचं कसं निभेल?

दुकानदार 'झिरो डिग्री'ची स्लीपिंग बॅग घ्या म्हणतो. घ्यावी का? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांच्या पाठीवर दोन किलोच्या वर द्यायचं नाही. ते म्हणतात, घरात घोंगडी असताना पैसे कशाला घालवता. घोंगडीचं वजन तेवढं ते विसरतात.

प्रतिसाद 1
भाऊ, वरतून चार ब्लँकेटं घ्या, खालून फरशी अंगातली गरमी ओढूनच घेते. आमी ढेपीचे, म्हंजे ढोराईच्या पेंडीचे, रिकामे पोते धुऊन सोबत नेतो, वजन काहीच नाई. मुक्कामाच्या गावात कोणाच्या खऱ्यावरून (खळ्यावरून) सोयाबीनचं कुटार, म्हंजे भुसा, मागाचं, पोत्यात गच्च भराचं, तोंड शिवाचं. झाली गादी. नुसत्या कुटारावर झोपू नोका, रातभर टोचते. अन् विचारून घ्या बरं, ते ढोराईचं खाणं हाय. सकाळी जितलं तितं रिकामं कराचं.

प्रतिसाद 2
दादा, बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'एक्स्ट्रीम' असे वेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव वाचेल एवढंच, झोप नाही. तुमचा दुकानदार त्यातला कोणता सांगतोय ते लेबलवर बघा, आणि कम्फर्टचा पाचच्या आसपास असेल तर घ्या.
पोचल्याबरोबर घामाची बनियन आणि मोजे बदला, बाबांचे तर आधी. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती मोज्यात घालून पायाशी ठेवा. कानटोपी हवीच, पण तोंड पांघरुणात घेऊ नका, श्वासाच्या वाफेने ते आतून ओलं होतं. आणि कितीही गारठा असला तरी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. लेबल बघितलं, झिरो हा एक्स्ट्रीमचाच आकडा निघाला, कम्फर्ट 10. बॅग रद्द. पोत्यांचं मात्र बाबांना एकदम पटलं. चार पोती धुऊन वाळत घातलीत आणि ते आता घरभर दाभण शोधतायत.