दुसरीच्या वाचनपट्ट्या: वासराची थेट गाय होत नाही, मग मधलं काय लिहू?

माणदेशी बाई

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत दुसरीला शिकवते. वर्गात १७ मुलं, त्यातली निम्मी आत्ता कुठे अक्षरं जोडून वाचायला लागलीत. त्यांच्यासाठी मी वाचनपट्ट्या करते. जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू, वर एक चित्र, खाली ठळक अक्षरात दोन-तीन वाक्यं. सध्या विषय घेतलाय प्राण्यांची पिल्लं कशी वाढतात, कशी बदलतात हा.

मागच्या आठवड्यात गाईची पट्टी केली. "हे गाईचे पिल्लू आहे. पिल्लू मोठे होते. पिल्लाची गाय होते." एका मुलाला वाचायला दिली. तो ‘पिल्लू’पाशी अडला. पि... पिल... पिलू... तीनदा मागे-पुढे केलं आणि मग पट्टी खाली ठेवून म्हणाला, "बाई, पिल्लू कुत्रीला आस्तंय. गाईला वासरू." मी म्हटलं, बरोबर. तेवढ्यात मागून एक मुलगी, "आन् वासराची गाय कशी हुईल? आदी कालवड हुती. व्याली की मग गाय म्हणायचं."

मी पट्टी बाजूला ठेवली आणि खडू घेतला. मुलं सांगत गेली, मी फळ्यावर लिहीत गेले. वासरू, कालवड, गाय. नर असेल तर वासरू, खोंड, बैल. रेडकू, वगार, म्हैस. करडू, पाट, शेळी. मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. अंड्यातून निघालं की पिल्लू, अंड्यावर यायच्या आधी तलंग, मग कोंबडी. जी मुलं वाचनात मागे आहेत तीच सगळ्यात पुढे होती.

फळ्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगायचीच होती. वासरू, कालवड, करडू, पाट, कोकरू, रेडकू, वगार, तलंग, खोंड. एकाही शब्दात जोडाक्षर नाही. मी सोपा म्हणून निवडलेल्या ‘पिल्लू’त मात्र आहे. म्हणजे सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरून मी मुलांचं वाचन अवघड केलं आणि त्यांच्या घरातले शब्दही बाहेर ठेवले. आता सगळ्या पट्ट्या नव्याने लिहायच्या ठरवल्यात.

त्यासाठी तुमची मदत हवी. नुसतं ‘लहान होते, मोठे झाले’ मला लिहायचं नाही. मुलाला डोळ्यांनी दिसेल असं काय बदलतं ते हवंय. एका मुलीने विचारलं, "आमचं वासरू रवंथ का करत न्हाई?" वासरू आठ दिवसांचं आहे. मी म्हटलं, अजून दात आले नाहीत म्हणून. घरी आल्यावर हे उत्तर मनाला पटेना. आणि बेडकाच्या पट्टीत मी "शेपूट गळून पडते" असं लिहिलंय, तेही बरोबर आहे का? दुसरीच्या पोराला चुकीचं सांगितलं की ते वर्षानुवर्षं डोक्यात राहतं, म्हणून छापील मजकुराइतकीच काळजी घ्यायची आहे.

खोंडवाला

बाई, आधी दाताचं. ते उत्तर बदला. वासरू जन्मतं तेव्हाच खालच्या जबड्यात पुढचे काही दुधाचे दात असतात. महिन्याभरात आठही दिसतात. वरच्या जबड्याला पुढे दात कधीच येत नाहीत, म्हाताऱ्या गाईलाही नाही. तिथे नुसती घट्ट हिरडी. पोरांना हे सांगा, घरी जाऊन बघतील.

आमची तिसरी पिढी खिलार जातीच्या गाई-बैलांवर. जनावराचं वय आम्ही दातावर सांगतो. दुधाचे दात आहेत तोवर ‘आदत’. साधारण दोन वर्षं उलटली की मधले दोन पडून तिथे मोठे रुंद दात येतात, तो ‘दुसा’. पुढे चार झाले की ‘चौसा’, मग सहादाती, आणि आठही पक्के आले की ‘जुळला’. जुळायला साडेचार-पाच वर्षं जातात. खरसुंडीच्या यात्रेत खोंड बघायला माणूस आला की आधी ओठ खाली ओढतो, मग भाव विचारतो. तुमच्या वर्गातल्या पोरांनी शर्यतीच्या मैदानात ‘आदत गट’, ‘दुसा गट’ ऐकलेलं असणार. त्याचा अर्थ दाताशी आहे हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

डोळ्यांना दिसेल असं आणखी एक. खिलाराचं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या डोक्यावर, शिंगं येतात त्या जागी, तांबूस रंग असतो. दोन-तीन महिन्यांत तो जातो आणि डोकं पांढरं होतं. आमची नात रोज सकाळी जाऊन बघायची, "आज किती तांबडं राहिलंय". हे चित्रात काढता येईल. तीन चित्रं काढा, प्रत्येकात तांबडा खडू कमी कमी.

शब्दांचं म्हणाल तर ‘गोऱ्हा’पण आहे, पण तुम्ही ‘खोंड’ घेतलाय तेच ठीक. पोरांना गोऱ्हा वाचायला जड जाईल.

गुरांचा डॉक्टर

ताई, त्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. आमच्या शिक्षणात यावर धडाच असतो.

गाईच्या पोटाला चार कप्पे. मोठ्या गाईत पहिला, ज्याला आपण कोटीपोट म्हणतो, तो सगळ्यात मोठा. चारा आधी तिथे साठतो, भिजतो, आणि निवांत बसली की गाय तोच घास परत तोंडात आणून चावते. हा रवंथ. नुकत्याच जन्मलेल्या वासरात नेमकं उलटं असतं. चौथा कप्पा मोठा आणि कोटीपोट लहान, न वापरलेलं. वासरू आचळाला तोंड लावून चोखायला लागलं की आत एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट पुढे जातं. रवंथ करायला पोटात चारा तर हवा! आठ दिवसांच्या वासराच्या पोटात नुसतं दूध आहे.

दोन-तीन आठवड्यांचं झालं की ते आईचं बघून गवताच्या काड्या तोंडात घोळवायला लागतं. त्या काड्यांनीच कोटीपोट वाढायला लागतं, आणि त्याच सुमारास थोडा थोडा रवंथ सुरू होतो. नीट बसून, डोळे अर्धे मिटून, मोठ्या गाईसारखा रवंथ दिसायला आणखी काही आठवडे. तुम्ही त्या मुलीला उत्तर देऊ नका. वासरू पहिल्यांदा रवंथ करताना दिसलं की तारीख सांग म्हणा. तिने आणलेली तारीख वर्गाची होईल.

पहिल्या दिवसाच्या पट्टीत चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, जरूर घ्या. जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक पाजायलाच हवा. रोगाशी लढायची ताकद गाईच्या पोटात असताना वासराला मिळत नाही, ती चिकातून मिळते. आणि वासराचं आतडं ती जेमतेम पहिला दिवसभरच आत घेऊ शकतं. खरवसाची घाई झाली म्हणून चीक काढून घेतलेली वासरं मी पाहिलीत, त्यातली सगळी वाचली नाहीत. ‘आधी वासराला’ हे दोन शब्द दुसरीतल्या मुलाने वाचले तर घरी जाऊन बोलेल.

दात दाखवायचे असतील तर शेळीचे दाखवा, आणि ओठ मोठ्या माणसाने धरावा. मुलांनी तोंडात बोट घालू नये, मागच्या दाढा धारदार असतात. नंतर साबणाने हात धुवा.

तळकोकण

बेडकाची शेपूट गळत नाही हो बाई. ती जिरते. आतल्या आत विरघळत आखूड होत जाते आणि तिच्यातलं सत्त्व बेडकाच्याच अंगी लागतं. त्या दिवसांत त्याचं तोंडही बदलत असतं. शेवाळ खरवडायचं बारकं तोंड जाऊन किडे पकडायचं रुंद तोंड येतं. तेव्हा त्याला धड खाता येत नाही, शेपटीवर निभावतं. मुलांना म्हणा, शेपूट ही त्याची शिदोरी.

गेल्या पावसाळ्यात मागच्या दारी दगडी डोणीत अंडी दिसली, फेसाच्या कडेला. दोन-तीन दिवसांत त्यातून काळे ठिपके वळवळायला लागले. मी रोज चहाचा कप घेऊन तिथेच बसायचो. बरेच दिवस नुसतं डोकं नि शेपूट. मग एका सकाळी शेपटीच्या मुळाशी दोन दोरे लोंबताना दिसले, ते मागचे पाय. पुढचे पाय नंतर, आणि ते अचानक येतात. ते आत कातडीखाली तयारच असतात. आदल्या संध्याकाळी नव्हते, दुसऱ्या दिवशी कोपर बाहेर. यानंतर शेपूट जिरायला आठवडाही लागला नाही. आमच्या डोणीत सगळं मिळून पाच-साडेपाच आठवडे, पण जातीवर आणि पाण्यावर कमी-जास्त होतं.

वर्गात ठेवणार असाल तर त्याच डबक्याचं पाणी घ्या आणि पुढचे पाय दिसले की लगेच एक दगड तिरका ठेवा. तोवर त्यांचे कल्ले जाऊन फुफ्फुसं चालू झालेली असतात. बाहेर यायला जागा नसली तर बेडूक पाण्यात बुडून मरतो. आमच्याकडे तीन गेले तसे, नातवाने नारळाच्या झाडाखाली पुरले. उरलेले सोडायचे ते जिथून आणले तिथेच.

तुमच्या यादीसाठी शब्द देतो: बेडूकमासा, बेडकुळी, बेडूक. तिन्हीत जोडाक्षर नाही. बेडकुळी म्हटलं की मुलं दंड फुगवून दाखवतील, दाखवू द्या.

आमच्याकडे कालवडीला पाडी म्हणतात, नर तो पाडा.

मराठवाड्याची लेक

आमच्याकडे रेडकाला पारडू आणि मोठ्या नराला हल्या. माझ्या मुलाच्या पुण्यातल्या शाळेत त्याने निबंधात ‘हल्या’ लिहिलं तर खाली लाल रेघ आली होती. बाई, तुमच्या मुलांचा शब्द जो असेल तोच पट्टीवर ठेवा. प्रमाण शब्द चौथीत भेटतीलच.

एक विचारू का? बोकडाचं काय लिहिणार? करडू, बोकड, आणि पुढे?

खोंडवाला

बोकड बाजारात जातो. वस्तीवरच्या पोरांना ते माहीत असतं आणि ज्याच्या घरचा जातो ते पोर दोन दिवस नीट जेवत नाही. विचारलं तर खरं सांगावं. पट्टीवर मात्र ‘बोकड’पाशी थांबावं, असं मला वाटतं. ती गोष्ट पोराने आपल्या माणसाजवळ बसून बोलायची आहे.

माणदेशी बाई

पंधरा दिवसांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

बेडकाची पट्टी बदलली. "शेपूट जिरते. आता ती बेडकुळी." दंड फुगवून झाले. वासराची मुलगी रोज अहवाल देते. काल वासरू २२ दिवसांचं झालं आणि तिने सकाळी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "बाई, केला! थोडाच केला, पण केला!" फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिलीय, ती कुणी पुसायची नाही असं मुलांनीच ठरवलंय.

शनिवारी शाळेमागच्या घरी गेलो. तिथे उस्मानाबादी शेळ्या आहेत. सव्वा वर्षाची एक पाट त्या आजींनी गुडघ्यात धरली आणि खालचा ओठ हळूच खाली केला. कडेला सहा बारीक, तांदळाच्या दाण्यासारखे दात, आणि बरोबर मधे दोन मोठे, रुंद, पांढरे शुभ्र. सगळे वाकून बघत होते. एक मुलगी मात्र पाटीकडे बघता बघता स्वतःचा ओठ खाली ओढून बोटाने चाचपायला लागली. तिचेही खालचे मधले दोनच नवे आलेत, बाजूचे दुधाचे आहेत. मग १७ च्या १७ जणांनी ओठ खाली ओढले. आजी म्हणाल्या, "ह्ये बगा, सगळी दुसाच हायती." त्या दिवसापासून दुसरीचा वर्ग स्वतःला दुसा म्हणवतो.

एक अडचण आली. ‘पाट’ची पट्टी शेजारच्या गावच्या बाईंना दिली तर त्यांच्या एका मुलाने जेवायला बसायचा लाकडी पाट काढला. त्याच्या घरी शेळ्या नाहीत, त्याचं चुकलं नाही. म्हणून आता शब्दाशेजारी चित्र हवंच, आणि चित्रात दोन मोठे दात दिसतील असं तोंड.

ही शेळीची नवी पट्टी. वाचनात सगळ्यात मागे असलेल्या मुलाने ती काल न अडखळता वाचली, शेवटचं वाक्य त्याने सांगितलं म्हणून लिहिलंय:

"करडू उभे राहिले.
करडू पडले. परत उभे राहिले.
आधी करडाला चीक.
मग दूध. मग पाला.
करडू वाढले. आता ती पाट.
तिचे दोन दात पडले. दोन नवे आले.
माझे पण आले."

पुढची पट्टी तलंगेची करायची आहे. एका घरी कोंबडी खुडूक बसलीय, १२ अंडी आहेत, एकविसावा दिवस येत्या गुरुवारी. अंडं फोडायला पिल्लाच्या चोचीवर जो बारीक टणक काटा असतो तो किती दिवस राहतो, कुणी पाहिलंय का? मुलांना कोणत्या दिवसापर्यंत बघायला न्यावं ते ठरवायचं आहे.

गुरांचा डॉक्टर

ताई, तो फार थोडे दिवस टिकतो, मग आपोआप पडतो. गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळीच न्या. कोंबडी अंगावर येईल, तेव्हा लांबूनच, आणि पिल्लू घरच्या माणसाने हातात घेऊन दाखवावं.