बाबांच्या १३८ कॅसेट क्लाउडवर ठेवायच्या आहेत, ८१ वर्षांच्या आत्याला ऐकता येतील अशा

पेटीवाल्याची_लेक (फोंडा)

नमस्कार. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझे बाबा पेटी वाजवायचे. पगार पंचायतीचा, पण गावात ओळख पेटीवाला म्हणूनच. म्हार्दोळ, मंगेशी, मडकई, कुठेही भजन असलं की स्कूटरच्या पुढ्यात पेटी उभी करून निघायचे. जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू झाली की महिनाभर रात्रीचं ताट झाकून ठेवावं लागायचं. १९८१ साली मामा कुवेतहून आला, त्याने बाबांना एक टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आणून दिला. तिथून २००४ पर्यंत बाबांनी जे कानावर पडलं ते उतरवून घेतलं.

बाबा गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. १३८ कॅसेट. त्यातल्या ९० साठ मिनिटांच्या, ४८ नव्वदच्या, म्हणजे १६२ तास. वास्कोच्या दामोदर सप्त्यातली भजनं, घरच्या चवथीची (गणेश चतुर्थीची) घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरची, पणजी आकाशवाणीवरची नाट्यगीतं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. एका कॅसेटवर गाणं असं नाहीच. बाबा पेटीचा एक अडकणारा सूर पुन्हा पुन्हा दाबून बघताहेत, मागे कौलांवरून पागोळ्या पडताहेत, आणि आई म्हणते, "सेल संपत आयले मरे तुमचे." खरंच संपत आले असावेत, कारण पुढे बाबांचा आवाज चिरका होत होत पोपटासारखा होतो आणि बंद. ही कॅसेट मला सगळ्यांत जास्त हवी आहे.

दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, ऑडॅसिटीमध्ये. एक बाजू, एक वेव्ह फाइल. एकूण १०३ जीबी झालं. हे सगळं एकाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे आणि ती डिस्क गेल्या आठवड्यापासून टिक टिक करते आहे.

आता हवंय काय ते सांगते. भाऊ इंग्लंडात स्विंडनला, आत्या बेळगावला, मी इथे. तिघांनाही फोनवर ऐकता आलं पाहिजे. आत्या ८१ ची. तिला व्हॉट्सॅप जमतं, त्यापलीकडे काही सांगितलं की ती फोन टेबलावर उलटा ठेवून देते.

जे करून पाहिलं ते असं. गूगल ड्राइव्हवर फुकटचे १५ जीबी मिळतात त्यात टाकायला लागले, तर ती जागा ईमेलचीही आहे हे मेल यायचे बंद झाल्यावर कळलं. मग एका कंपनीच्या संगीत सेवेवर पाच फाइल चढवल्या. तिने त्यातला एक अभंग "ओळखला" आणि बाबांच्या मंडळीऐवजी कुठल्यातरी स्टुडिओतला चकचकीत अभंग वाजवायला लागली. नाव तेच, चाल वेगळी, बुवा वेगळे! मी तासभर आमची फाइल कुठे गेली ते शोधत होते.

महिना दोनशे रुपयांपर्यंत खर्च चालेल. चवथीपूर्वी व्हावं अशी इच्छा आहे.

डिचोलीचा_सर्व्हर

ताई, हे काम माझ्या आवडीचं. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ आहे, म्हणजे एक इवलासा कॉम्प्युटर, त्यावर नॅविड्रोम हा गाण्यांचा सर्व्हर टाकलाय. फुकट आहे, आपल्याच घरात चालतं, कुणी काही "ओळखत" नाही. प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देता येतं. फोनवर सबसॉनिक (अशा सर्व्हरची भाषा) समजणारं कुठलंही ॲप चालतं, मी सिम्फोनियम वापरतो. मोठी फाइल असली तर सर्व्हर जाता जाता लहान करून पाठवतो, त्यामुळे भावाला बसमध्येही अडखळणार नाही.

पण दोन गोष्टी. बहुतेक इंटरनेटवाले एकच बाहेरचा पत्ता शेकडो घरांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या घरच्या मशीनपर्यंत येता येत नाही. त्यावर उपाय टेलस्केल, आपल्या यंत्रांना इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं ॲप, तेही घरगुती वापराला फुकट. मात्र ते प्रत्येक फोनवर टाकावं लागतं आणि चालू ठेवावं लागतं. आत्या... बघा बुवा.

दुसरं म्हणजे नॅविड्रोम फाइलच्या आतलं लेबल वाचून मांडणी करतो, फोल्डर बघत नाही. लेबल नसलेल्या २७६ बाजू टाकल्या तर सगळ्यांचा गायक "अनोळखी" होऊन एकच ढीग होईल.

आणि हो, पाऊस. गेल्या जूनमध्ये विजेने माझा राउटर आणि पायचा चार्जर दोन्ही खाल्ले. वाजवणारं यंत्र घरात असेल तर गडगडलं की उठून प्लग काढायचा. माझी बायको आता माझ्याआधी धावते.

साउंडवाला_मडगाव

क्लाउड राहू दे बाजूला. ताई, ती डिस्क आत्ता बंद करा. टिक टिक म्हणजे आतला हेड जागा शोधतोय आणि त्याला सापडत नाहीये. नवीन डिस्क आणा, मग जुनी एकदाच लावा आणि आधी त्या फाइल काढा ज्यांच्या कॅसेट आता वाजत नाहीत. बाकीच्या पुन्हा उतरवता येतील. जुन्या डिस्कवर गाणी ऐकत बसू नका, तपासणीचं सॉफ्टवेअर चालवू नका.

आता साइझ. तुम्ही स्टिरिओत घेतलंय, तासाला ६३५ एमबी. पण त्या काळचे बरेचसे टू-इन-वन मोनो असायचे. म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, जागा दुप्पट. मोनो करून फ्लॅकमध्ये ठेवलं तर १०३ चं तिशीच्या आसपास येईल, आणि फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीच जात नाही, झिप केल्यासारखं आहे.

पण थांबा, लगेच दोन्ही चॅनेल मिसळू नका! उतरवताना तुमच्या डेकचा हेड जरा तिरका असेल तर डावा-उजवा आवाज केसभर पुढेमागे पडतो, आणि मिसळले की वरचे सूर मरतात. कांसाळं (मोठी झांज) पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू येतं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवत कॅसेट ऐकायची, जिथे झांजेची किणकिण सगळ्यांत मोकळी होईल तिथे थांबायचं. हे उतरवण्यापूर्वी करायचं असतं. तुमचं झालंच आहे, तर मिसळण्याऐवजी दोनातला स्वच्छ चॅनेल निवडा आणि दुसरा टाकून द्या. हेड स्पिरिटने पुसायचात ना? नसाल तर मला सांगू नका.

ती सेल संपलेली कॅसेट: रेकॉर्ड करताना मोटर हळू झाली, म्हणून आता पूर्ण वेगात लावली की चिरकं. सुधारता येतं, पण मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर करा. माझं विचाराल तर करूच नका.

ऐकायला वेगळी कॉपी बनवा. एमपी३, १२८ वर, १६२ तासांचे सव्वानऊ जीबी होतात. म्हणजे तुमच्या फुकटच्या १५ मध्ये बसलं असतं. मूळ फ्लॅक मात्र दोन डिस्कवर, आणि त्यातली एक तुमच्या घरात नको.

पेटीवाल्याची_लेक

डिस्क बंद केली. हात थरथरत होते खरं सांगायचं तर. उद्या फोंड्यातच नवीन घेते.

हेड पुसायचे. पहिल्या वीस कॅसेटनंतर.

सर्व्हरबाब, तुमचं वाचून मोह झाला, पण आमच्याकडे मे ते ऑक्टोबर वीज येते तीच पाहुण्यासारखी. आणि आत्याच्या फोनवर टेलस्केल चालू आहे की बंद हे मी फोंड्यातून कसं बघणार?

शेंवतें (म्हापसा)

मी एक वेगळा मार्ग सांगते, माझ्या माहेरच्या धालोच्या (बायकांच्या नाच-गाण्यांच्या) रेकॉर्डिंगसाठी हाच केला.

यूट्यूब म्युझिकवर आपल्या स्वतःच्या फाइल चढवता येतात, एक लाखापर्यंत, फुकट. वेव्ह घेत नाही, एमपी३ आणि फ्लॅक घेतं, एक फाइल ३०० एमबीपर्यंत. चढवायचं काम कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून, फोनवरून नाही. चढवलेलं फक्त त्या खात्यालाच दिसतं, दुसऱ्याला लिंक पाठवता येत नाही. म्हणून मी घरच्यांसाठी नवं खातं काढलं, ज्यात दुसरं काहीच नाही, ना मेल ना फोटो. ते आईच्या जुन्या फोनवर एकदा उघडून दिलं. आपण चढवलेल्या गाण्यांना जाहिरात लागत नाही आणि स्क्रीन बंद झाली तरी वाजत राहतं, पैसे भरले नसले तरी. आईला एवढंच शिकवलं: हे चित्र दाबायचं. मी तर त्या फोनवरचं बाकी सगळं काढून टाकलं, आता तो आमच्या घरी रेडिओच आहे.

चित्रावरून आठवलं. बाबांच्या कॅसेटचे कागद आहेत का, ते आतले, ज्यावर हाताने लिहिलेलं असतं? त्यांचे फोटो काढा आणि अल्बमचं चित्र म्हणून लावा. एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एका फटक्यात होतं. आमच्या आईला अल्बमचं नाव वाचायला चष्मा लागतो, पण मावशीचं अक्षर ती लांबून ओळखते.

लेबलं देवनागरीतच लिहा, पण जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये देवनागरी बसत नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये आयडी३व्ही१ लिहिणं बंद करा, व्ही२.३ युनिकोड ठेवा. तरी भावाच्या गाडीत चौकोन दिसले तर तो गाडीचा दोष. फाइलच्या नावात मात्र साल आधी घाला, १९८६ वास्को सप्ता, १९९२ घरची चवथ असं, म्हणजे सगळं आपोआप ओळीने लागतं. साल माहीत नसेल तर अंदाजाने घालू नका, ००००  लिहा.

एक सांगायचं राहिलं. हे घरापुरतं ठीक. उद्या कौतुकाने जाहीर चॅनेलवर टाकावंसं वाटलं तर त्या मंडळींना किंवा त्यांच्या मुलांना विचारा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क आपल्या कायद्यात ५० वर्षं असतो. रेडिओवरची गाणी तर आपली नव्हेतच.

डिचोलीचा_सर्व्हर

शेंवतें यांचं आत्यासाठी बरोबर आहे, मी हरलो. फक्त एक: तोच एक गठ्ठा समजून निर्धास्त राहू नका. माझी वीस वर्षांची गाणी एका परदेशी सेवेवर होती. बंद होत असल्याचा मेल आला तो मी न वाचलेल्या जाहिरातींच्या ढिगात. जेव्हा बघितला तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. म्हणून तर घरी सर्व्हर मांडला. तिथे ऐका, मूळ आपल्याकडे ठेवा.

पेटीवाल्याची_लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व.

जुन्या डिस्कवरून सगळं निघालं, सात फाइल सोडून. त्यातल्या पाचांच्या कॅसेट वाजतात, त्या पुन्हा उतरवल्या, या वेळी स्क्रू फिरवून. साउंडवाले दादा, फरक ऐकून मी बाकीच्या १३३ कडे बघितलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं. पावसाळा गेल्यावर बघू.

फ्लॅक ३१ जीबी झालं. एक डिस्क माझ्याकडे, एक भाऊ आला होता त्याच्याबरोबर स्विंडनला गेली. शिवाय ड्राइव्हची १०० जीबीची जागा घेतली, महिना १३० रुपये. ऐकायच्या कॉपी नव्या खात्यावर चढवल्या. कागदांचे फोटो लावले, जांभळ्या शाईतलं बाबांचं अक्षर. काही कागदांवर नुसतं "बरें" लिहिलंय, काय बरं ते देवालाच ठाऊक.

बेळगावला स्वतः जाऊन आत्याच्या फोनवर लावून दिलं. पहिल्या दिवशी तिने घुमट आरती लावली आणि मला फोन करून सांगितलं की शामेळ वाजवणारा चुकतोय, तो कोण ते तिला माहीत आहे, आणि तो तेव्हाही चुकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: "बंद कसं करतात?" ते शिकवायचं राहिलंच होतं.

पोपटाची कॅसेट आहे तशीच ठेवली.

राहिल्या त्या सातातल्या दोन कॅसेट. टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे आणि एकीचा आतला फेल्टचा तुकडा गळून पडलाय. डेकमध्ये घालायचं धाडस होत नाही. साउंडवाले दादा, सोमवारी मडगावला येणं आहे, दाखवू का?

साउंडवाला_मडगाव

घेऊन या, साडेदहानंतर. फेल्ट दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवू, तुमच्याकडे एखादी टाकाऊ असेल तर आणा. बुरशीवाल्या बाकीच्यांत ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, कागदात गुंडाळून आणा. आणि पुढे-मागे फिरवून बघायचा मोह झाला तरी फिरवू नका.