नडगी कोरडी, जांघ ओली: कुठलं क्रीम कुठे आणि किती?

निरगुडी

वय ७८, दिवसाचा बराच वेळ अंथरुणात. कातडीच्या दोन तक्रारी एकाच वेळी आहेत आणि दोन्हींवरचे उपाय फसतायत.

गुडघ्याखाली कातडी इतकी कोरडी की नखाने हलकं ओढलं तरी पांढरी रेघ उमटते, मोजे झटकले की भुसा पडतो. रात्री खाज. डाव्या नडगीवर दोन लाल चट्टे आहेत, त्यांना डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय. आंघोळीनंतर लोशन लावलं जातं, दुपारपर्यंत पुन्हा खरखरीत.

दुसरीकडे डायपरमुळे जांघेत आणि माकडहाडाजवळ लाली. तिथे झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या क्रीमचा जाड थर दिला जातो, डायपर बदलताना साबणाने सगळं धुऊन काढलं जातं, पुन्हा थर. लाली वाढतेच आहे.

लोशन बदलू का? रोज किती ग्रॅम लागायला हवं? स्टेरॉइड आधी की नंतर? झिंकचा थर आणखी जाड हवा का? क्रीमच्या नावांची यादी नको, पद्धत कुठे चुकतेय ते सांगा.

मेणकापड

उलटं चाललंय. नडगीवर हात आखडता आणि जांघेत सढळ. हवं त्याच्या नेमकं विरुद्ध. जांघेचं कुणीतरी सविस्तर लिहीलच, मी नडगीचं लिहितो.

नडगीवर मुळात तेलग्रंथी कमी, वयाबरोबर तेल आणखी घटतं. लोशनमध्ये पाण्याचा वाटा मोठा; ते उडून गेलं की मागे उरणारी स्निग्ध साय अगदी पातळ. म्हणून दुपारी खरखर. घट्ट क्रीम किंवा मलम घ्या. त्यात दोन कामं करणारे घटक हवेत: पाणी धरून ठेवणारा, म्हणजे ग्लिसरीन किंवा युरिया, आणि वरून झाकणारा, म्हणजे पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन. सुगंध नसलेलं घ्या. 'नैसर्गिक' या शब्दावर भुलू नका, वनस्पतींच्या अर्कांचीही ॲलर्जी येते.

युरिया ५ ते १० टक्के असेल तर ओलावा धरतो. २० टक्क्यांच्या वर गेला की कातडीचा जाड थर सोलायला लागतो; ते टाचांच्या घट्ट्यांसाठी ठीक, नडगीसाठी नको. खाजवून ओरखडे पडले असतील तिथे १० टक्क्यांचाही झोंबतो.

प्रमाण: दोन्ही पाय मांडीपासून धरले तर दिवसातून दोनदा लावायला आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम क्रीम लागतं. तुमचं काम गुडघ्याखालचं, म्हणजे साधारण निम्मं, रोजचे ७ ते १४ ग्रॅम. ट्यूब उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावर लिहा. १०० ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपली नाही, तर कमी लावताय.

लावायची रीत: कोमट पाणी, आंघोळ १० मिनिटांत आटपायची, नडगीला साबण लावूच नका. साबणाचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; जास्त म्हणजे आम्लता कमी) ९ ते १० च्या घरात, कातडीचा ५ च्या आसपास. टॉवेलने टिपा, घासू नका. कातडी अजून दमट असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, क्रीमचे ठिपके गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ठेवा आणि तळव्याने वरून खाली ओढत पसरा. क्रीम दिसेनासं होईपर्यंत चोळत बसतात, ती सगळ्यात नेहमीची चूक. वर ओलसर चकाकी राहिली पाहिजे. दहा मिनिटांत ती आपोआप मुरते. दुसऱ्यांदा झोपण्यापूर्वी लावा.

स्टेरॉइड आधी की नंतर यावर मतं वेगवेगळी आहेत. अंतर मात्र २० ते ३० मिनिटांचं ठेवा, नाहीतर स्टेरॉइड पातळ होतं आणि पसरून निरोगी कातडीवर जातं. मोजमाप: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चट्ट्यांपुरतंच लावायचं. या मलमात हात सढळ नको.

सांभाळ

आता जांघ. झिंकचं क्रीम ओलावा द्यायला नसतंच. लघवी आणि मल कातडीपासून लांब ठेवायचे एवढंच त्याचं काम. लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो, पीएच चढतो, आणि त्या वातावरणात मलातली पाचक द्रव्यं कातडीवर जोराने काम करतात. त्यात साबण पीएच आणखी वर नेतो, आणि खरवडणं म्हणजे उरलीसुरली साल काढणं. लाली वाढायचं कारण बहुधा हेच.

जाड थराने आणखी एक घोटाळा होतो. क्रीम डायपरच्या आतल्या पडद्याला फासलं जातं, त्याची छिद्रं बुजतात आणि लघवी आत शोषली न जाता वरच साचते. काढलेला डायपर उलगडून पाहा: आतल्या बाजूला पांढरा पट्टा, गाभा जवळजवळ कोरडा आणि कातडी मात्र ओली असेल, तर थर जास्त झालाय. खालची कातडी अंधुक दिसेल इतकाच पातळ थर पुरे.

बदलताना मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून पुढून मागे पुसा, किंवा साबण नसलेलं क्लेन्झर वापरा. टिपा, एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच क्रीम. जुनं झिंक सगळं काढायचं नाही. वरचा घाण झालेला थर तेवढा पुसा आणि त्यावर नवा हात फिरवा. दिवसातून एकदा कापसावर लिक्विड पॅराफिन घेऊन दोन मिनिटं ठेवा, झिंक सैल होऊन निघतं. पाण्याने ते हटत नाही, म्हणून तर माणसं खरवडतात. क्रीमवर पावडर मुळीच नको, गोळे होऊन घड्यांत रुततात.

मल पातळ असेल तर झिंक बरं, नुसती लघवी असेल तर डायमेथिकोनचं (एक सिलिकोन) क्रीम मला जास्त पटतं. ते पारदर्शक असल्याने खाली काय चाललंय ते दिसतं, आणि या वयात ते दिसणं महत्त्वाचं.

कारण दोन गोष्टी बॅरिअर क्रीमने, म्हणजे झिंक किंवा डायमेथिकोनसारख्या ओल अडवणाऱ्या क्रीमने, बऱ्या होत नाहीत. लाली घडीच्या खोबणीत आत गेली असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीविरोधी मलम आधी, बॅरिअर क्रीम त्यावर. दुसरं माकडहाडाचं. लाल जागा बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. पांढरी पडलीच नाही, तर ती दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर हा फरक नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा बाजूच्यापेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का ते हाताने पाहा. तिथे चोळायचं नाही, कूस बदलत राहायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

खलबत्ता

मेणकापड यांच्या लोशनविरोधाला थोडा लगाम. एक्झिमा (इसब) असलेल्या ५५० मुलांवरची एक चाचणी ब्रिटनमधून २०२२ साली प्रसिद्ध झाली. लोशन, क्रीम, जेल, मलम असे चार गट; १६ आठवड्यांत कुठलाच प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. ती मुलं होती, ही ७८ वर्षांची नडगी आहे, निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही. पण चिकट वाटतं म्हणून मलम डब्यातच राहणार असेल, तर रोज दोनदा लागणारं लोशन परवडलं. दिवसा क्रीम, रात्री मलम ही तडजोड बहुतेकांना झेपते.

आगीचं कुणी लिहिलं नाही. पॅराफिन असो वा नसो, ही क्रीमं चादरीत, पायजम्यात मुरतात. धुतल्यावरही पूर्ण निघत नाहीत, आणि असं कापड भराभर पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये सगळ्याच इमोलियंटसाठी (कातडी मऊ ठेवणाऱ्या क्रीम-मलमांसाठी) हा इशारा दिला. त्या खोलीत सिगरेट, काडी, मेणबत्ती काही नको.

तळपायाला मलम लावून उभं करू नका, आधी मोजे. आणि लावणाऱ्याचे हातमोजे लॅटेक्सचे असतील तर पेट्रोलियम जेलीने ते विरतात. नायट्राइलचे घ्या.

निरगुडी

हिशेब लावला: २०० ग्रॅमची लोशनची बाटली सात आठवडे पुरली. माकडहाडाजवळची लाली दाबल्यावर पांढरी पडते, जागा गरम किंवा टणक नाही. एक राहिलं: नडगीवर केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या आहेत, दोन-तीन पिवळ्या टोकाच्या. क्रीममुळेच का?

मेणकापड

म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम. खाज का जात नाही ते कळलं.

पुटकुळ्या बहुधा खालून वर चोळल्याने. केसांच्या उलट्या दिशेने हात फिरला की स्निग्ध पदार्थ केसाच्या मुळाशी ढकलला जातो आणि ते मूळ सुजतं. तेवढ्या जागेवर चार-पाच दिवस घट्ट काही नको, हलकं क्रीम फक्त वरून खाली. पुटकुळ्या पसरल्या, दुखू लागल्या, लस येऊन पिवळी खपली धरली तर डॉक्टर. एकाच मापाचे, टोचा मारल्यासारखे खोलगट फोड आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी.

मोठा डबा घेणार असाल तर बोटं आत घालू नका. धुतलेल्या कोरड्या चमच्याने दिवसाचं क्रीम छोट्या वाटीत काढा आणि रात्री वाटीत उरलेलं डब्यात परत टाकू नका.