मधल्या वर्षानंतर नर्सिंगकडे: तुमचा रस्ता कसा ठरला?

माझ्या मावसबहिणीची शाळा संपून वर्ष होत आलं. हे वर्ष तिचं घरीच गेलं. आता तिला नर्सिंगला जायचंय. परवा फोनवर तिने हळूच विचारलं, "ताई, मधे गॅप पडला असेल तर घेतात का गं?"

मी अकरा वर्षं वॉर्डात आहे, पण मी शाळेतून थेट नर्सिंगला गेलेली. तिच्या प्रश्नाला माझ्या अनुभवातलं उत्तर नाही, आणि ऐकीव उत्तर मला द्यायचं नाही. म्हणून हा धागा. तुमचा गॅप का पडला, त्या काळात काय केलंत, अर्ज करताना काय विचारलं गेलं, कुठे चुकलं, सगळं लिहा. प्रवेशाचे नियम जिथे अर्ज करायचा तिथलेच वाचावे लागतात, ते इथे नकोत. एवढंच सांगते की ती हे सगळं वाचणार आहे.

*

माझा गॅप ठरवून घेतलेला नव्हता. आजीला अर्धांगाचा झटका आला आणि दिवसभर घरी थांबू शकेल अशी मी एकटीच होते. चौदा महिने.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. मला वाटलं चादर घासली असेल. घरी येणाऱ्या सिस्टरांनी त्यावर बोट दाबून दाखवलं. चांगली त्वचा दाबली की क्षणभर फिकी पडते आणि मग पुन्हा रंग येतो. हा चट्टा दाबूनही लालच राहिला. "हा बेडसोर आहे, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, आत्ताच सुरू झालाय," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. पाणी पाजताना तिला पूर्ण बसवायचं, हनुवटी जराशी खाली, घोट लहान. मी वही केली: किती वाजता कोणती कूस, पाणी किती, लघवी किती, त्वचा कशी. दीड महिन्याने चट्टा गेला. त्या दिवशी मला नर्सिंग करायचं हे कळलं. त्याआधी कधी मनात आलं नव्हतं.

आता चूक सांगते. पहिल्या मुलाखतीत विचारलं, शाळेनंतर काय केलं? मी म्हणाले, "घरीच होते." खरंच एवढंच म्हणाले. आजीला जाऊन दीड महिना झाला होता, तिच्याबद्दल बोलायला गेले तर रडू येईल अशी भीती होती. प्रवेश नाही मिळाला. दुसऱ्या ठिकाणी चार महिन्यांनी गेले, वही घेऊन. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि अर्धा तास फक्त त्यावरच बोलणं झालं. रडूही आलं, आणि त्यांनी थांबून पाणी दिलं.

बहिणीला सांगा, "घरीच होते" हे शब्द तोंडातून काढू नकोस. घरी काय करत होतीस ते सांग. आणि कुणी जवळचं गेलं असेल तर लगेच अर्ज करायची घाई करू नकोस.

*

माझं वर्ष प्रवेश परीक्षेत नापास होण्यात गेलं. जीवशास्त्र चांगलं होतं, गणिताने खाल्लं. प्रश्न मला आजही पाठ आहे: १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, संचातून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? मी तासांची मिनिटं केलीच नाहीत. १००० गुणिले २० भागिले ८, उत्तर २५००. मिनिटाला अडीच हजार थेंब! लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेलो. ८ तासांची ४८० मिनिटं घेतली की ४१.६७ येतं, म्हणजे ४२ थेंब.

सूत्र मला येत होतं. येत नव्हतं ते उत्तराकडे बघणं. पुढचे दहा महिने रोज दहा गणितं केली आणि प्रत्येक उत्तर डोळ्यांसमोर आणून पाहिलं: नळीतून असे थेंब पडतील का? एवढं औषध एका सिरिंजमध्ये मावेल का? मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे, तिथे तर मी आजही दोनदा वाचतो. परीक्षेसाठी लावलेली ही सवय आता अतिदक्षता विभागात रोज कामी येते. ते वर्ष मला कुणी परत दिलं तरी मी तसंच घालवेन.

*

मी शाळेनंतर नऊ महिने वृद्धाश्रमात मदतनीस होते. माझं मत जरा कडक वाटेल, पण मनापासून आहे: फॉर्म भरण्याआधी निदान तीन महिने आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांजवळ काम करा. बिनपगारी करावं लागलं तरी करा.

"मला लोकांची सेवा करायला आवडते" असं मीही म्हणायचे. पहिल्या दिवशी एका आजोबांना पलंगावरच अंघोळ घालायची होती. माझे हात थरथरत होते आणि ते माझ्यापेक्षा जास्त संकोचले होते. सोबतच्या मावशींनी शिकवलं: जेवढा भाग धुतोय तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं, आणि पुढे काय करणार ते आधी सांगायचं, मगच हात लावायचा. दुसऱ्या आठवड्यात आजोबा स्वतःहून म्हणाले, आज पाठ जरा जोरात चोळ.

एक आजी रोज संध्याकाळी आईला शोधायच्या. नव्वदीच्या होत्या. पहिल्यांदा मी त्यांना खरं सांगून बसले की तुमची आई नाही आता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पुन्हा कधी तसं बोलले नाही. "आई कशी होती, सांगा ना," असं विचारायला लागले. त्या शांत व्हायच्या. हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या आजींकडून कळलं.

माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणीला सहा आठवड्यांत समजलं की हे आपलं काम नाही. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाली, तिथे मनापासून रमली आहे. तिला हे कोर्सच्या दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर?

*

सगळ्यांनी त्या वर्षात काहीतरी केलंय. मी केलं नाही. मला नैराश्य होतं. बरेच दिवस अंथरुणातून उठणं हेच काम होतं. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

अर्जासोबत आरोग्याची माहिती द्यायचा फॉर्म होता. घरचे म्हणाले, लिहू नकोस. मी लिहिलं, आणि माझ्या डॉक्टरांचं पत्र जोडलं: उपचार चालू आहेत, तब्येत स्थिर आहे. मुलाखतीत आजाराचे तपशील कुणी विचारले नाहीत. एकच प्रश्न आला: "पुन्हा तसं वाटायला लागलं तर सगळ्यात आधी कुणाला सांगाल?" मी नाव सांगितलं, दुसरं नाव सांगितलं, आणि कोणती लक्षणं आधी दिसतात तेही सांगितलं: झोप मोडते, फोन उचलावासा वाटत नाही. मग विषय बदलला.

सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण खोटं लिहून आत गेले असते तर पहिल्या नाईट ड्यूटीला कुणाकडे मदत मागितली असती? नाईट माझ्यासाठी आजही अवघड आहे. झोपेचं आणि गोळ्यांच्या वेळांचं डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून घेतलं, ते फार उपयोगी पडलं.

*

थोडक्यात लिहितो, पण हे कुणी आधी सांगत नाही: लशींच्या तारखा आजच बघा. वॉर्डात पाठवण्याआधी बहुतेक ठिकाणी हिपॅटायटिस बीच्या लशीचा पुरावा मागतात. नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस: पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहाव्या महिन्यात. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लशीमुळे तयार होणारं संरक्षण, पुरेशी आहेत का ते तपासतात. म्हणजे सात-आठ महिने गेले. मला प्रवेश मिळाल्यावर हे कळलं आणि माझी पहिली पोस्टिंग लांबली. गोवर, कांजिण्या, क्षयरोगाची तपासणी, यांचे जुने कागदही आत्ताच शोधा.

आणि दोन प्रमाणपत्रांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते पाहा. माझं नव्हतं.

*

इथे बहुतेकांचा गॅप वर्षाचा आहे, माझा नऊ वर्षांचा. दोन मुलं झाली, मधे नवऱ्याची आजारपणं. परत अर्ज करायला गेले तर कळलं की विज्ञानाचे माझे गुण इतके जुने आहेत की ते धरत नाहीत. जीवशास्त्र आणि रसायन पुन्हा करावं लागलं. चिडले होते. पण आता सांगते, बरं झालं. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात आणि त्यातला प्रत्येक गाळणी लावून बसलेला असतो, हे सतराव्या वर्षी मी फक्त पाठ केलं होतं. सव्विसाव्या वर्षी, नवऱ्याची लघवी मोजून लिहीत असताना वाचलं तेव्हा ते समजलं.

अर्ज भरण्याआधी मी घरात एक महिना तालीम केली. पहाटे पाचला उठायचं, सहाला घराबाहेर पडायचं, वाचनालयात जाऊन अभ्यास करायचा, दुपारनंतरच परतायचं. मुलांचं कोण बघतं, कुणाला ताप आला तर काय, नवऱ्याच्या गोळ्या कोण देतं, सगळं त्या महिन्यात उघडं पडलं. सासूबाई पहिल्या आठवड्यात नाराज होत्या. चौथ्या आठवड्यात त्यांनीच वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलं.

*

मी नर्सिंग शिकवते आणि निवडीच्या मुलाखतींना बसते, म्हणून टेबलाच्या पलीकडून लिहिते.

गॅप दिसला की मी विचारते. तो माझा आक्षेप नसतो, मला माणूस कळून घ्यायचं असतं. "लहानपणापासूनचं स्वप्न आहे" या उत्तरातून मला काहीच हाती लागत नाही. मी विचारते, कुणाची काळजी घेताना तुमचं काय चुकलं आणि मग काय केलंत? वर वृद्धाश्रमातल्या ताईंनी आजींना खरं सांगून टाकल्याचं लिहिलंय ना, तसं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवून ऐकते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव जवळजवळ प्रत्येक जण घेतो, दिव्यासकट. मग मी विचारते, तिने शिक्षण कधी घेतलं? घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षं होता. जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन तिला काही महिने रीतसर शिकता आलं ते १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. सेवेची हाक तिला सोळाव्या वर्षीच जाणवली होती. पुढे क्रिमियन युद्धात तिने मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्या आकृत्या काढून सरकारपुढे मांडल्या, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा सुरू झाली. म्हणून आजीची वही वाचून मला फार आनंद झाला. नोंद ठेवणारी मुलगी मला वर्गात हवी असते.

गॅपचं कारण अर्जात एका पानात लिहा. कधीपासून कधीपर्यंत, काय घडलं, आता काय बदललं. तारखा खऱ्या. दोन महिने रिकामे गेले असतील तर गेले म्हणून लिहा. मी ते वाचून कुणाला नाकारलेलं नाही. जुळत नसलेल्या तारखांवरून मात्र नाकारलं आहे.

*

पाठीचा त्रास असणाऱ्यांसाठी एकच ओळ लिहायची होती, दोन होतायत. माझी गॅपच्या वर्षात मणक्याची शस्त्रक्रिया झाली. उचलण्याचं काम झेपेल का, हे मी अर्जाआधी फिजिओथेरपिस्टला विचारलं, लपवलं नाही. सिसिली साँडर्स नर्स होत्या, पाठीमुळे ते काम सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं. मला ते काम सोडावं लागलं नाही. पण सोडावं लागलं तर पुढे काय, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि त्यामुळे शांत झोप लागायची.

*

ताई, मीच ती. सगळं दोनदा वाचलं.

मी वर्षभर काहीच केलं नाही असं मला वाटत होतं. काल बसून महिन्यांप्रमाणे लिहून काढलं. बाबांच्या मधुमेहाची सुई मी सात महिने देतेय, हे मी कधी मोजलंच नव्हतं. कोणत्या दिवशी पोटाच्या कोणत्या बाजूला दिली ते कॅलेंडरवर खुणा करून ठेवलंय, कारण एकाच जागी दिली की गाठ येते. ते कॅलेंडर काढून ठेवलंय.

नावाचं स्पेलिंग माझंही दोन कागदांवर वेगळं निघालं, त्याचा अर्ज दिला. लशीचा पहिला डोस आज घेतला, दंड थोडा दुखतोय. थेंबांचं गणित तीनदा चुकलं, चौथ्यांदा ४२ आलं.

वृद्धाश्रमात विचारून आले. सोमवारी सकाळी सातला बोलावलंय. नखं कापून, केस बांधून, हातात अंगठी-घड्याळ न घालता यायला सांगितलंय.