कारखाना बंद होणार म्हणतात; राजीनामा लिहून द्यावा का?

धाकटा_भाऊ, जळगाव

नमस्कार मंडळी. माझे मोठे बंधू जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिकच्या कारखान्यात सोळा वर्षांपासून मशीन ऑपरेटर आहेत. कायम कामगार साधारण १४० असून ठेकेदाराकडची मुले वेगळी आहेत. दिवाळीनंतर तिसरी पाळी बंद झाली, मग कच्च्या मालाच्या, म्हणजे प्लास्टिकच्या दाण्याच्या गाड्या येईनाशा झाल्या आणि आता दोन यंत्रे खोलून गुजरातकडे रवाना केली आहेत. कारखाना बंद करत असल्याची नोटीस मात्र कोठेही लावलेली नाही. त्याऐवजी एकेकाला कार्यालयात बोलावून एक छापील कागद पुढे केला जातो. त्यावर 'मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे व माझे कोणतेही येणे शिल्लक नाही' असे लिहिलेले आहे. सही केल्यास दीड लाख रुपये एकरकमी मिळतील आणि न केल्यास 'कोर्टात फिरत बसा', असे तोंडी सांगितले जाते. बंधूंचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८ हजार रुपये होतात आणि त्यांचे वय ४७ आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सरकार असा कारखाना बंद होण्यापासून थांबवू शकते का? थांबवता येत नसेल, तर कामगारांसाठी सरकारची नेमकी कोणती मदत आहे? आणि उद्योग जिल्ह्यातून जाऊ नयेत म्हणून जिल्हा पातळीवर कोणी काही करते की नाही?

कायदा_आणि_कामगार

धाकटे भाऊ, सर्वांत आधी बंधूंना सांगा की त्या कागदावर सही करू नये. बाकीचे सारे या एका गोष्टीवर अवलंबून आहे. राजीनामा म्हणजे कामगार स्वखुशीने गेला असा अर्थ होतो आणि सरकारी मदतीचे बहुतेक दरवाजे तेथेच बंद होतात.

आता आकड्यांकडे पाहू. ग्रॅच्युइटी ही राजीनामा दिला तरी पाच वर्षांच्या सेवेनंतर द्यावीच लागते. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १६ असा हिशेब केला, तर ती सुमारे १ लाख ६६ हजार होते. म्हणजे देऊ केलेले दीड लाख हे बंधूंच्या हक्काच्या ग्रॅच्युइटीपेक्षाही कमी आहेत, आणि तेच मेहेरबानी म्हणून दाखवले जात आहेत. कारखाना कायदेशीरपणे बंद झाला, तर याशिवाय प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते. सोळा वर्षांचे ते साधारण १ लाख ४४ हजार होईल. 'आम्ही तोट्यात आहोत, माल पडून आहे' असे म्हणून मालकाला ही भरपाई कमी करता येत नाही. अपरिहार्य कारण असल्यास भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करण्याची तरतूद कायद्यात आहे खरी, पण आर्थिक अडचण व न विकलेला साठा ही कारणे त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अप्रिय आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक प्रकरण घालण्यात आले आणि मोठे कारखाने बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक झाली. सुरुवातीला ही मर्यादा ३०० कामगारांची होती, पुढे ती १०० वर आणली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि मर्यादा पुन्हा ३०० झाली. त्यामुळे १४० कामगारांच्या कारखान्याला आता परवानगी लागत नाही. मात्र ५० किंवा त्याहून अधिक कामगार असतील, तर बंद करण्याच्या ६० दिवस आधी सरकारला कारणांसह नोटीस देणे आजही सक्तीचे आहे. तुमच्याकडे ती दिलेली दिसत नाही आणि राजीनामे गोळा करण्याचे कारणही बहुधा तेच असावे. सर्वांनी राजीनामे दिले की नोटीसही नको आणि भरपाईही नको.

तेव्हा जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांकडे सामूहिक लेखी अर्ज द्या. यंत्रे हलवली जात आहेत, नोटीस नाही आणि राजीनाम्यासाठी दबाव आहे, या तिन्ही गोष्टी तारखांसह लिहा व पोच घ्या. पगारपत्रके, हजेरी कार्ड, ओळखपत्र आणि विमा क्रमांक यांच्या छायाप्रती आजच काढून ठेवा. फाटकाला कुलूप लागल्यावर 'हा आमचा कामगारच नव्हता' असे म्हणणारे मी पाहिले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाबाबत सांगायचे, तर कर्मचारी राज्य विमा योजनेखाली ज्यांचे अंशदान कापले जाते (वेतनमर्यादा २१ हजार), त्यांच्यासाठी बेकारी भत्ता आहे. १ एप्रिल २००५ पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगारकपातीमुळे नोकरी गेल्यास पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के व पुढील १२ महिने २५ टक्के रक्कम मिळते आणि त्या काळात कुटुंबाचा वैद्यकीय लाभही चालू राहतो. अठरा हजारांवर ही दोन वर्षांची रक्कम साधारण १ लाख ६२ हजार होते. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना अधिक आखूड आहे. तिच्यात आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी ५० टक्के रक्कम मिळते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जापूर्वी ती चालू आहे का ते शाखा कार्यालयात विचारावे. नोकरी स्वेच्छेने सोडणाऱ्याला या दोन्ही योजनांत काही मिळत नाही.

नव्या संहितेत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी (नवे काम शिकण्यासाठी) निधीची तरतूद आहे आणि वर्तमानपत्रांनी तिचा पुष्कळ गाजावाजा केला. मालकाने प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचे वेतन त्यात भरायचे व ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. परंतु मजकूर नीट वाचला, तर हे अंशदान फक्त कामगारकपातीसाठी आहे. कारखानाच बंद झाला, तर ते लागू होत नाही. ज्यांचे सर्वस्व जाते त्यांनाच वगळण्यामागचा तर्क मला अद्याप उमगलेला नाही.

लघुउद्योजक_धुळे

वरील मार्गदर्शनाशी मी सहमत आहे. राजीनाम्याचा कागद पुढे करणे ही लबाडीच आहे. परंतु तिसरा प्रश्न कोणी घेतला नाही. मी स्वतः अवधानला छोटा कारखाना चालवतो, म्हणून लिहितो.

राज्य सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवत आले आहे. तालुक्यांचे विकासाप्रमाणे गट पाडायचे आणि मागास भागात येणाऱ्याला अधिक सवलत द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरातही सवलत मिळाली. नवापूरला सुरतच्या कापडधंद्याच्या सावलीत वसाहत उभी राहिली, तीही अशा सवलतींमुळेच. पण या योजनांचा सारा भर येणाऱ्यावर किंवा विस्तार करणाऱ्यावर असतो. वीस वर्षे येथे असलेला, जुन्या यंत्रांवर तग धरून असलेला कारखानदार कोणाच्या गणतीत नसतो, आणि एक दिवस तो शेजारच्या राज्यात 'नवा उद्योग' म्हणून जातो व तेथील सवलत घेतो.

तरीही जिल्हा पातळीवर काहीच नाही असे म्हणता येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते आणि जिल्हा उद्योग केंद्र तिचे कामकाज पाहते. रस्ता, पाणी, वीज, भूखंड असे प्रश्न तेथे येतात. कारखाना जाणार अशी कुणकुण लागल्यास कामगार संघटनेनेही तेथे लेखी विषय द्यावा, कारण विषयपत्रिकेवर आल्याशिवाय अधिकारी मालकाला बोलावत नाहीत. मालकाची खरी अडचण विजेची वा भूखंडाची असेल, तर ती तेथे सुटण्याजोगी असते.

अडचण बँकेची असेल, तर मार्ग वेगळा आहे. २०१५ ची केंद्राची अधिसूचना व त्यापाठोपाठ २०१६ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक यांनुसार २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगाला खाते थकीत होण्याआधीच बँकेच्या समितीकडे पुनरुज्जीवनासाठी अर्ज करता येतो. समिती हप्ते पुन्हा बांधून देणे, पुनर्रचना किंवा वसुली यांपैकी एक मार्ग ठरवते. आमच्यातले बहुतेक जण हा अर्ज करतच नाहीत. खाते कच्चे असल्याचे बाजारात कळले तर कच्चा माल उधार मिळणार नाही, ही भीती असते. मग खाते बुडाल्यावर लिलावाची नोटीस लागते आणि तेव्हा वाचवण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

मोठ्या कंपन्यांकडे अडकलेले आमचे पैसे हेही एक मोठे कारण आहे. ४५ दिवसांत बिल देण्याचा कायदा २००६ पासून आहे. पण नियमित गिऱ्हाइकाविरुद्ध थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेत तक्रार कोण करणार?

गिरणीचा_पोर, अमळनेर

लघुउद्योजकांचे म्हणणे वाचले. सरकारने जुने उद्योग वाचवण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नव्हे. आमच्या खान्देशात तो प्रयोग पुरेपूर झालेला आहे. अमळनेरची प्रताप शेठजींची गिरणी, धुळ्याची न्यू प्रताप, चाळीसगावची लक्ष्मीनारायण, जळगावची खान्देश मिल या गिरण्यांच्या भोंग्यावर गावे उठत असत. राज्यात १९५८ चा 'रिलीफ अंडरटेकिंग' कायदा होता. त्याखाली आजारी गिरणी सरकारने हाती घेतली की तिची जुनी देणी गोठवली जात, हेतू एवढाच की कामगार बेकार होऊ नयेत. धुळे व चाळीसगावच्या गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. पगार चालू राहिले, हे मान्य केले पाहिजे. पण माग तेच जुने राहिले, आणि नव्या यंत्रांवर पैसा न घालता केवळ पगार भागवत राहिल्यामुळे मरण काही वर्षे पुढे ढकलले गेले, इतकेच. जुनी देणी गोठली, त्यांत कामगारांचीही जुनी थकबाकी होती, हे कोणी सांगत नाही.

१९८६ साली केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कागदोपत्री चांगली योजना होती, पण ज्यांच्या गिरणीचे कागद पूर्ण नव्हते ते कामगार हेलपाटे घालतच म्हातारे झाले. म्हणून कागदांबाबत वर दिलेला सल्ला गांभीर्याने घ्या.

आणखी एक सांगतो, कारण आमच्या भागातील साखर कारखान्यांच्या कामगारांना याचा उपयोग होईल. भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचा कारखान्याच्या मालमत्तेवर पहिला बोजा असतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले, की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही हा हक्क बँकेच्या आधी चालतो. आणि प्रकरण दिवाळखोरी संहितेखाली गेले, तर परिसमापनापूर्वीच्या (कंपनी मोडीत काढण्यापूर्वीच्या) २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक बँकेच्या बरोबरीने मोजली जातात. मात्र दावा दाखल करावा लागतो. संघटनेचा प्रतिनिधी सर्वांचा दावा एकत्रितपणे करू शकतो.

धाकटा_भाऊ, जळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंधूंनी सही केलेली नाही आणि त्यांच्या पाळीतील इतरांनीही हात आखडता घेतला आहे. सामूहिक अर्जाचा मसुदा तयार होत आहे. दोन शंका उरल्या आहेत. ठेकेदाराकडच्या मुलांना यातील काय मिळेल? आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामासाठी प्रत्येकाने नाशिकला जावे लागेल का?

कायदा_आणि_कामगार

ठेकेदाराने अंशदान भरले नसेल, तर विमा व भविष्य निर्वाह निधी या दोन्हींसाठी मूळ मालक जबाबदार असतो. त्या मुलांपैकी ज्यांचे अंशदान किमान दोन वर्षे भरले गेले आहे, त्यांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज अवश्य करावा. त्यांची नावेही तुमच्या अर्जात जोडा. वेगळे पडले तर त्यांचे कोणी ऐकणार नाही.

नाशिकला सर्वांनी जाण्याची गरज नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना जानेवारी २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर घेते. खात्यातील नाव, जन्मतारीख, आधार व बँक खाते यांच्या चुका तेथे दुरुस्त करून घ्या. हे काम कारखाना चालू असताना सोपे असते, कारण काही दुरुस्त्यांना मालकाची संमती लागते. ज्यांची सेवा दहा वर्षांपेक्षा कमी आहे त्यांनी निवृत्तिवेतनाचे पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे पुढच्या नोकरीत ती वर्षे जोडली जातात. बंधूंची दहा वर्षे केव्हाच पूर्ण झाली आहेत. त्यांना ५८ व्या वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन मिळेल. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, परंतु ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते.

अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने ६० दिवसांची नोटीस राज्य शासनालाही द्यावी लागते. त्यानंतर शासनाचे पथक कारखान्यात येऊन भत्ता, प्रशिक्षण व नव्या नोकऱ्या यांची माहिती देते. आपल्याकडे नोटीस सरकारकडे जाते, पण पथक येत नाही. म्हणून सहायक कामगार आयुक्तांकडील अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि विमा, भविष्य निर्वाह निधी व जिल्हा उद्योग केंद्र या तिन्हींचे एकत्रित शिबिर कारखान्याच्या फाटकावर घ्यावे, अशी मागणी त्यात शेवटी घाला.